जायबंदी खेळाडू आणि आमच्या टाळ्या

दोन वर्षांपूर्वीच्या १५ ऑगस्टची गोष्ट. सकाळी स्वर्गोन्नयनाच्या सणाची मिस्सा, मग झेंडावंदन आणि दुपारी तरुणांचे फुटबॉल सामने, असा आमच्या धर्मग्रामातील दरवर्षीचा परिपाठ. पावसाने मैदानाचे शेत झाले होते. अंतिम सामना संपायला दहाएक मिनिटे उरली असताना एका संघाचा गोलरक्षक, अकरावीत शिकणारा मुलगा, चेंडूसाठी धावून येणाऱ्या खेळाडूच्या पायांवर झेपावला. त्या खेळाडूचा गुडघा याच्या कानशिलावर बसला. मुलगा चिखलात आडवा झाला तो क्षणभर हललाच नाही. कोणीतरी पाण्याची बाटली त्याच्या डोक्यावर रिती केली. तो उठून बसला, उभा राहिला आणि एका हाताने गोलाचा खांब धरून त्याने दुसरा हात वर केला. मैदान टाळ्यांनी दुमदुमले. बक्षीस समारंभासाठी मांडलेल्या खुर्चीत बसून आम्हीही टाळ्या वाजवीत होतो. इतकेच नव्हे, तर ढाल देताना जे चार शब्द बोललो त्यांत या मुलाच्या जिद्दीचा आम्ही खास उल्लेख केला.

रात्री साडेनऊला त्याची आई दारात उभी राहिली. मुलाला तीनदा उलटी झाली होती आणि आज वार कोणता, हे त्याला सांगता येत नव्हते. गाडीत ती माउली बराच वेळ गप्प होती. मग एवढेच म्हणाली, "फादर, तुम्ही तिथेच होता ना? मग त्याला बाहेर का नाही काढलंत?"

देवाच्या दयेने मुलगा बरा झाला. मेंदूला हादरा बसला होता, रक्तस्राव नव्हता. त्या रात्री मात्र आमच्यापाशी उत्तर नव्हते. धर्मगुरूच्या पेशात अवघड प्रश्नांची सवय होते. पण बहुतेक प्रश्न देवाला उद्देशून असतात आणि आम्ही मध्यस्थ असतो. हा प्रश्न सरळ आम्हांलाच होता.

आम्ही टाळ्या का वाजविल्या, याचा शोध घेताना मन चाळीसएक वर्षे मागे, सेमिनरीच्या वर्गात गेले. नीतिशास्त्र शिकविणारे आमचे एक वृद्ध प्राध्यापक फुटबॉलचे मोठे षौकीन. धैर्य या सद्गुणाचा पाठ आला की ते बर्ट ट्राउटमनची गोष्ट सांगत. ट्राउटमन हा जर्मन छत्रीधारी सैनिक. दुसऱ्या महायुद्धात तो इंग्रजांचा कैदी झाला, युद्ध संपल्यावर मायदेशी न जाता इंग्लंडमध्येच राहिला आणि १९४९ साली मँचेस्टर सिटी या संघाचा गोलरक्षक झाला. कालच्या शत्रूला संघात घेतले म्हणून हजारो लोकांनी निदर्शने केली. तोच ट्राउटमन ५ मे १९५६ रोजी वेम्ब्लीच्या मैदानावर एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात बर्मिंगहॅम सिटीविरुद्ध खेळत होता. सुमारे सतरा मिनिटांचा खेळ उरला असताना तो प्रतिस्पर्ध्याच्या पायांवर झेपावला आणि त्याच्या मानेला जबर मार बसला. मान धरून, धडपडत, तो शेवटपर्यंत उभा राहिला. त्या अवस्थेतही त्याने गोल वाचविले. सिटीने सामना ३-१ असा जिंकला. काही दिवसांनी क्ष-किरण तपासणी झाली तेव्हा कळले की, मानेचे पाच मणके जागचे हलले होते आणि त्यांतल्या दुसऱ्याचे दोन तुकडे झाले होते. तिसरा मणका दुसऱ्यात अडकून बसला म्हणूनच तो वाचला.

ही गोष्ट आम्ही स्वतः प्रवचनात निदान तीनदा सांगितली आहे. ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा उभा राहतो. आज वाटते, ती आम्ही अर्धीच सांगत होतो.

त्या काळी इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये बदली खेळाडू नव्हता. मैदान सोडणाऱ्याची जागा रिकामी राही. गोलरक्षक गेला तर बाकीच्या दहांतील एकाला गोलात उभे राहावे लागे. पुढच्याच वर्षी, १९५७ च्या अंतिम सामन्यात, नेमके तेच घडले. मँचेस्टर युनायटेडचा गोलरक्षक रे वुड याचे गालाचे हाड सहाव्या मिनिटाला मोडले, त्याच्या जागी जॅकी ब्लँचफ्लॉवर हा मैदानातला खेळाडू गोलात गेला आणि ॲस्टन व्हिलाने सामना २-१ असा जिंकला. जखमी वुडलाही पुन्हा मैदानात आणले गेले, संख्या भरावी म्हणून! म्हणजे ट्राउटमन उभा राहिला त्यात त्याचे मनोबल होतेच, पण त्याला उभे राहायला लावणारा एक नियमही होता. इंग्लिश लीगमध्ये १९६५ साली आणि विश्वचषकात १९७० साली बदली खेळाडूची सोय झाली. त्याआधीच्या वीरकथांतील कितीतरी वीरता या उणिवेतून निपजली होती, हे आमच्या प्राध्यापकांनी आम्हांला कधी सांगितले नाही. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आम्हीही विचारले नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मान मोडली आहे हे ट्राउटमनला ठाऊक नव्हते. दुखत होते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. परंतु आपण मृत्यूच्या केवढ्या जवळ उभे आहोत याची त्याला कल्पना नव्हती. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या तिसऱ्या भागात खऱ्या धैर्यासारखे दिसणारे, पण धैर्य नसलेले पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतला एक म्हणजे संकटाचे अज्ञान. ज्याला धोका माहीत नाही तो शूरासारखा वागताना दिसतो, पण त्याला शूर म्हणता येत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनीही हा विचार उचलून धरला आहे. आक्रमण करण्यापेक्षा सहन करणे हे धैर्याचे मुख्य कार्य, हे त्यांचे प्रतिपादन आम्हां सेमिनरीवाल्यांचे आवडते. अज्ञानाचा अपवाद मात्र आम्ही सोयीस्करपणे विसरतो.

याउलट फ्रान्झ बेकेनबाउअरचे उदाहरण घ्या. १७ जून १९७० रोजी मेक्सिको शहरातील अझ्टेका मैदानावर विश्वचषकाचा उपांत्य सामना चालू होता. इटलीविरुद्ध पश्चिम जर्मनी. बेकेनबाउअरचा खांदा निखळला, आणि जर्मनीचे दोन्ही बदली खेळाडू वापरून झालेले. एक हात छातीशी बांधून तो जादा वेळेतही खेळला. जर्मनी ४-३ अशी हरली. येथे काय दुखावले आहे हे त्याला समजत होते. खांद्याचे नुकसान होईल, जिवाचे नाही, एवढा हिशेब करण्याइतके भान त्याला होते. याला धैर्य म्हणायला आमची हरकत नाही, जरी निखळलेल्या खांद्याने खेळण्याचा सल्ला आम्ही कोणाच्या मुलाला देणार नाही.

आता तिसरे चित्र पाहा. १३ जुलै २०१४, रिओ द जानेरो येथील माराकाना मैदान, विश्वचषकाचा अंतिम सामना. जर्मनीचा तरुण खेळाडू क्रिस्टोफ क्रामर. सतराव्या मिनिटाला अर्जेंटिनाच्या गराईचा खांदा त्याच्या चेहऱ्यावर आदळला. तो पडला, उठला आणि खेळू लागला. थोड्या वेळाने तो पंच निकोला रिझोली यांच्याकडे गेला आणि त्याने विचारले, हा अंतिम सामना आहे का? पंचांना वाटले, मुलगा थट्टा करतो आहे. तो गंभीर आहे हे ध्यानात येताच त्यांनी जर्मन खेळाडूंच्या कानावर घातले आणि एकतिसाव्या मिनिटाला क्रामर बाहेर गेला. मधली चौदा मिनिटे अवघ्या जगासमोर एक मुलगा आपण कोठे आहोत हे न कळता धावत होता. त्या मिनिटांना आपण काय नाव देणार? जिद्द? जिद्द करायलाही करणारा जागेवर असावा लागतो. मेंदूच्या दुखापतीचे क्रौर्य हेच आहे की, थांबावे की न थांबावे हे ज्याने ठरवायचे, तोच अवयव जायबंदी झालेला असतो. तेथे 'मी ठीक आहे' हे खेळाडूचे शब्द प्रामाणिक असतात, पण त्यांना साक्षीचे मोल नसते.

तरुण मंडळी येथे हरकत घेतात, आणि ती पोकळ नाही. फादर, शरीर त्याचे, इच्छा त्याची. तुम्ही कोण अडविणार? आमच्या युवकांपैकी एकाने तर आम्हांला बाजीप्रभूंची आठवण करून दिली. आपण मराठी माणसे पावनखिंड ऐकत वाढलो. १६६० साली जखमांनी विंधलेले बाजी खिंड सोडत नाहीत, ते विशाळगडावरच्या तोफांचे आवाज ऐकू येईतो. परंतु बाजी कशासाठी उभे होते हे त्यांना पुरते माहीत होते, आपण मरणार हेही माहीत होते, आणि पलीकडच्या पारड्यात राजाचा जीव होता. आमच्या मैदानावर पलीकडच्या पारड्यात एक ढाल होती, तीही पॉलिश केलेली जुनी. शब्द मात्र आपण दोन्हीकडे तेच वापरतो. 'शिर सलामत तर पगड्या पन्नास' ही म्हणही याच मराठी माणसांनी केली. ती मैदानावर कोणाला आठवत नाही.

इच्छेबद्दल म्हणाल तर, सतरा वर्षांच्या मुलाची त्या क्षणीची इच्छा कोठून येते? ॲरिस्टॉटलच्या त्याच यादीत पहिला प्रकार आहे तो मानासाठी आणि लाजेपोटी दाखविलेल्या धैर्याचा. तो त्याला खऱ्या धैर्याच्या सर्वांत जवळचा मानतो, हेही सांगितले पाहिजे. तरीही तो खरा नव्हे. मैदानाभोवती सारी गल्ली उभी, मित्र उभे, खुर्चीत फादर बसलेले. बाहेर गेलो तर 'घाबरला' म्हणतील. अशा वेळी तो मुलगा एकटा निर्णय घेत नसतो. त्याचा निर्णय आम्ही सर्वांनी मिळून घेतलेला असतो आणि वर त्याच्याच नावावर मांडलेला असतो.

व्यावसायिक खेळाडूंच्या बाबतीत त्यात पैशाची आणि जागा गमावण्याच्या भीतीची भर पडते. त्याची किंमत पुढे कधीतरी वसूल होते, मैदान रिकामे झाल्यावर. अर्जेंटिनाचा गॅब्रिएल बातिस्तुता २००५ साली निवृत्त झाला. घोट्यांतील कूर्चा झिजून हाडावर हाड घासत होते. रात्री अंथरुणातून उठून चार पावलांवरच्या न्हाणीघरात जाणे त्याला अशक्य झाले आणि माझे पाय कापून टाका, अशी विनवणी त्याने डॉक्टरांना केली. हे त्याने स्वतःच पुढे मुलाखतीत सांगितले. डॉक्टरांनी नकार दिला. त्याच्या गोलांवर ज्यांनी स्टेडियम डोक्यावर घेतले, त्यांपैकी कोणी त्या रात्री त्या अंथरुणापाशी नव्हते. १९९२ च्या कॅथॉलिक धर्मशिकवणुकीच्या ग्रंथात शरीराच्या आणि खेळातील यशाच्या पूजेविरुद्ध इशारा आहे. तो आम्ही पूर्वी व्यायामशाळेत आरशासमोर उभ्या राहणाऱ्यांसाठी आहे असे समजत होतो. यशाच्या त्याच मूर्तीपुढे शरीराचा बळी देणाराही त्यात येतो, हे उशिरा उमगले.

मग अडवावे कोणी? खेळाडूने नव्हे, हे स्पष्ट आहे. क्रामरच्या प्रसंगानंतर २०१४ मध्येच डोक्याला मार बसल्यास तपासणीसाठी खेळ तीन मिनिटे थांबविण्याचा नियम पुढे आला. २०२१ पासून फुटबॉलचे नियम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने मेंदूला हादरा बसलेल्या खेळाडूच्या जागी वेगळा, ठरल्या संख्येबाहेरचा बदली खेळाडू देण्याचा प्रयोग सुरू केला आणि २०२४ मध्ये स्पर्धांना हवा तर स्वीकारता येईल असा तो पर्याय नियमांतच घातला. नियम हा शब्द आम्हां धर्मगुरूंच्या तोंडी फार असतो आणि लोकांना त्याचा कंटाळा येतो. परंतु 'मी घाबरलो' असे म्हणण्याची वेळ कोणावर येऊ नये म्हणून केलेला नियम म्हणजे दयाच नव्हे काय? त्या मुलाला बाहेर जाण्यासाठी एक कारण हवे होते, जे त्याचे स्वतःचे नसते. ते देणे आमचे काम होते. जाता जाता सांगावेसे वाटते, २०१४ च्या त्या अंतिम सामन्यात क्रामरच्या जागी आलेल्या आन्द्रे शुर्लेच्याच पासवर ११३ व्या मिनिटाला ग्योत्सेने विजयी गोल केला. पण ती हरली असती तरी क्रामरला बाहेर काढणे योग्यच ठरले असते.

डॉक्टरांनी आम्हांला त्या रात्री समजावून सांगितले होते की, पहिल्या हादऱ्यातून मेंदू सावरण्याआधी दुसरा मार बसला, तर विशेषतः कोवळ्या वयात मेंदूला अचानक सूज येऊन जीव जाऊ शकतो. आमच्या टाळ्यांनंतर तो मुलगा आणखी दहा मिनिटे गोलात उभा होता. त्या दहा मिनिटांत त्याच्याकडे दोनदा चेंडू आला. दोन्ही वेळा तो उंचावरून आला आणि गोलावरून गेला. आम्ही ते दोन चेंडू अजून मोजतो.

गतवर्षी सामन्यांच्या आधी आम्ही युवकांची सभा घेतली आणि नियम केला: डोक्याला मार बसला की खेळाडू बाहेर, त्या दिवशी पुन्हा आत नाही, आणि हे पंचाने नव्हे तर मैदानाबाहेर बसलेल्या परिचारिकेने ठरवायचे. सर्वांनी माना डोलावल्या. उपांत्य सामन्यात एका संघाच्या कर्णधाराचे डोके दुसऱ्याच्या डोक्यावर आपटले. तो लगेच उठला, हसला, काही झाले नाही म्हणाला. परिचारिकेने नकारार्थी मान हलविली. मुलगा आमच्याकडे पाहत राहिला, त्याचा बापही. आम्ही खुर्चीतून उठून मैदानाच्या कडेला गेलो आणि त्याला बाहेर बोलाविले. त्याचा संघ एका गोलाने हरला. पुढे तपासणीत त्याला काहीही झालेले नव्हते असे निष्पन्न झाले, आणि हे त्याने साऱ्या गावाला सांगितले.

रविवारी मिस्सेनंतर तो मागच्या दाराने निघून जातो. त्याची आई मात्र थांबते, हवापाण्याचे दोन शब्द बोलते. मुलाचा विषय ती काढत नाही, आम्हीही काढत नाही.