गाऱ्हाणं कुणी घालावं?

गाऱ्हाणं घालणं हे आमच्याकडे कुणाचंही काम नाही. राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावात ते गुरवाचं, आणि काही प्रसंगी गावकराचं. शिमग्याला पालखी सहाणेवर बसली की गुरवकाका पुढे येतात, हातात नारळ घेतात, जरा खाकरतात आणि देवाशी बोलायला लागतात. बोलतात म्हणजे खरंच बोलतात. त्यात संस्कृत नाही, मंत्र नाही. मुंबईला गेलेली पोरं, कुणाची अडलेली सून, कुणाचा लंगडणारा बैल, आंब्याला आलेला मोहोर, गेल्या साली वाडीत शिरलेलं आजारपण, सगळं येतं. एकेका मागणीला ते थांबतात आणि जमलेला गाव एका आवाजात म्हणतो, ‘व्हय म्हाराजा!’

या बोलण्याचे काही नियम आहेत. ते कुणी लिहून ठेवलेले नाहीत, पण मोडले तर लगेच कळतात. मागणं सगळ्या वाड्यांसाठी असतं. एखादी वाडी राहून गेली तर मागून कुणीतरी ओरडतोच, ‘खालच्या वाडीचं काय वो?’ आणि काका परत मागे येऊन ती वाडी घेतात. चुकलंमाकलं पदरात घे, असं सांगितलेलं असतं. आणि बदल्यात गाव काय देणार, तेही बोलून ठेवलेलं असतं. नारळ, ओटी, कोंबडा, जे काय असेल ते. म्हणजे देवाचं नाव घेऊन चार माणसांत बोलणारा माणूस त्या घडीला स्वतःलाच बांधून घेतो. बोललेला नवस न फेडणं ही आमच्याकडे हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. घरात काही आक्रीत घडलं की म्हाताऱ्या आधी तेच उकरून काढतात. हे बरं की वाईट, तो वेगळा विषय.

ही सगळी प्रस्तावना एवढ्यासाठी, की आता गाऱ्हाणं निवडणुकीच्या सभेत घालतात. मालवणी नाटकांनी ते मुंबईच्या रंगमंचावर नेलं, तिथल्या चाकरमान्यांना ते गोड लागलं, आणि मग राजकारणातल्या माणसांच्या ते ध्यानात आलं. उमेदवार माईकसमोर येतो, हात जोडतो आणि ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून सुरुवात करतो. माणसं खूश. आमच्या बोलीत बोलतोय, आमच्या देवाला हाक मारतोय. मलाही ते ऐकून गंमत वाटायची. सभा म्हणजे एरवी भाषणांचा कंटाळा, त्यात हा एक विरंगुळा.

आमच्या गावात वहाळापलीकडे पाचसहा घरांचा मोहल्ला आहे. तिथले एक चाचा, वयानं माझ्याहून बरेच मोठे, शिमग्याला सहाणेवर न चुकता येतात. पालखी त्यांच्या दारी जाते, तेल-नारळ त्यांच्या घरातून येतो, त्यांच्या बापाच्या आधीपासून येतो. गाऱ्हाण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणणाऱ्यांत त्यांचा आवाज ओळखू येतो, इतका खणखणीत. तर एका सभेत असंच गाऱ्हाणं सुरू झालं. पहिल्या मागणीला, पाऊसपाणी चांगलं होऊ दे, चाचा सगळ्यांबरोबर ओरडले. दुसरी मागणी, साकव होऊ दे, त्यालाही ओरडले. तिसऱ्या मागणीत उमेदवारानं देवाला सांगितलं, की जे आपल्या देवाचे नाहीत त्यांना त्यांची जागा दाखव. सगळी सभा ‘व्हय म्हाराजा’ म्हणाली. चाचा गप्प. दोघातिघांनी वळून बघितलं. बघणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं, नेहमीचा आवाज आला नाही म्हणून बघितलं, इतकंच.

परतताना पाखाडीवर मी त्यांच्या बरोबर होतो. ते चिडलेले नव्हते. एवढंच म्हणाले, ‘मास्तर, सहाणेवर मी गावातला असतो. हितं आधी मी कोन ते ठरवायला लागतं आनि मंग तोंड उघडायला लागतं.’

मला हा प्रश्न तेव्हापासून पडलेला आहे. पुढाऱ्यानं भाषणात देवाधर्माचे शब्द आणावेत की नाहीत? शहरातले माझे मित्र म्हणतात, अजिबात नाही, धर्म घरात ठेवावा. गावातली माणसं म्हणतात, का नाही, देव काय चोरून ठेवायचा आहे? मला दोघांचंही पूर्ण पटत नाही.

कायदा काय म्हणतो ते बघू. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ सालचा. त्याच्या १२३व्या कलमात धर्माच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट आचार ठरवलेला आहे. सुरुवातीला तिथं ‘पद्धतशीर’ आवाहन असा शब्द होता. १९६१ साली तो काढला. म्हणजे एकदा केलं तरी पुरे. याचं आपल्याकडचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण विलेपार्ल्याचं. डिसेंबर १९८७च्या पोटनिवडणुकीत डॉ. रमेश प्रभू निवडून आले. त्यांच्या प्रचारात बाळासाहेब ठाकरे यांनी केलेल्या भाषणांवरून १९८९ साली उच्च न्यायालयानं ती निवड रद्द केली. सर्वोच्च न्यायालयानं ११ डिसेंबर १९९५ रोजी ते कायम केलं, आणि पुढे ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. त्याच दिवशी त्याच न्यायालयानं मनोहर जोशी यांच्या बाबतीत वेगळा निकाल दिला. पहिलं हिंदू राज्य महाराष्ट्रात येईल असं म्हणणं हे मत मागणं नव्हे, ती नुसती आशा आहे, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं, जरी असं बोलणं त्यांनाही आवडलं नव्हतं. पुढे जानेवारी २०१७मध्ये सात न्यायमूर्ती बसले आणि चार विरुद्ध तीन असा निर्णय झाला, की उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म पुढे करून मत मागणंही चालणार नाही. सातांपैकी तिघांना ते पटलं नाही. आमच्या पारावरसुद्धा साधारण याच प्रमाणात मतभेद असतात.

आणि २०२४च्या लोकसभेच्या वेळी उद्धव ठाकरे यांच्या पक्षाच्या मशालगीतातून ‘जय भवानी’ आणि ‘हिंदू’ हे शब्द काढा, अशी निवडणूक आयोगाची नोटीस आल्याचं त्यांनी सांगितलं, आणि काढणार नाही असंही सांगितलं. ‘जय भवानी’ हा धर्माचा शब्द की महाराष्ट्राचा? माझ्या शाळेत कवायतीच्या वेळी पोरं तो ओरडायची, त्यात मोहल्ल्यातली पोरंही असायची. शब्दांची यादी करून हा प्रश्न सुटत नाही. ‘व्हय म्हाराजा’ सहाणेवर एक आहे आणि सभेत दुसरंच आहे, हे कुठल्या कलमात बसवणार?

जे म्हणतात की देवाचे शब्द सभेत नकोतच, त्यांना मी आमच्याच जिल्ह्यातल्या माणसाची आठवण देतो. साने गुरुजी दापोली तालुक्यातल्या पालगडचे. पंढरपूरचं विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून ते महाराष्ट्रभर हिंडले आणि मे १९४७मध्ये त्यांनी पंढरपुरात उपोषण केलं. दहा दिवसांनी दार उघडलं. विठ्ठलाचं नाव त्यांच्या प्रत्येक सभेत होतं. ते काढून टाकलं असतं तर बोलायला काय उरलं असतं? समाजकल्याण खात्याचं परिपत्रक? रत्नागिरी शहरात १९३१ साली भागोजीशेठ कीर यांनी पैसा घातला आणि सावरकरांच्या पुढाकारानं पतितपावन मंदिर उभं राहिलं, सगळ्या जातींना आत घेणारं. तिथंही देवाचंच नाव लागलं, आणि कुणाला तरी आत घ्यायलाच लागलं.

गुरुजींनी विठ्ठलाचं नाव घेतलं आणि जीव स्वतःचा पणाला लावला. भिडेखातर लोकांनी ‘हो’ म्हटलं असेल, पण उपाशी राहायचं होतं ते गुरुजींना. ते गुरवकाकांच्या जातकुळीतलं बोलणं झालं. सभेतला उमेदवार देवाचं नाव घेतो तेव्हा बांधला जातो तो ऐकणारा. देवाच्या हाकेला ओ न देणं ही आमच्या हाडात न बसणारी गोष्ट, आणि हे त्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो मागणी आणि हाक एकत्र बांधून पुढे ठेवतो. एकीला ‘हो’ म्हणायचं तर दुसरीलाही म्हणावं लागतं.

गांधीजींचंही बघा. ते ‘रामराज्य’ म्हणायचे. १९२९ साली ‘यंग इंडिया’त त्यांना लिहावं लागलं, की रामराज्य म्हणजे मी हिंदूंचं राज्य म्हणत नाही, ईश्वराचं राज्य म्हणतो, राम आणि रहीम मला एकच. गांधीजींच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण लिहावं लागलं, हे महत्त्वाचं. शब्द गावोगाव पोचला होता, खुलासा वर्तमानपत्र वाचणाऱ्यांपर्यंत.

घटना समितीतही या गोष्टीचा निकाल एकदा लागलेला आहे. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ह. वि. कामत यांनी सुचवलं, की राज्यघटनेची उद्देशिका ‘ईश्वराच्या नावाने’ अशी सुरू व्हावी. विरोध करणाऱ्यांत नास्तिकच होते असं नाही. पूर्णिमा बॅनर्जी यांनी कामतांना विनवलं, की देवावर मत द्यायची पाळी आमच्यावर आणू नका. कामतांनी ऐकलं नाही. मतं पडली ४१ विरुद्ध ६८, आणि देव उद्देशिकेत आला नाही. पण शपथेत मात्र दोन्ही वाटा ठेवल्या. ज्याला ईश्वराला साक्षी ठेवायचं त्यानं ठेवावं, ज्याला नको त्यानं गांभीर्यपूर्वक सांगावं. मला यातली समज फार आवडते. घटना सगळ्यांच्या वतीनं बोलते, म्हणून तिथं नाही. शपथ एकटा माणूस स्वतःला बांधायला घेतो, म्हणून तिथं चालेल.

हे नुसतं एका धर्माचं नाही. त्याच सभेनंतर काही दिवसांनी तोच उमेदवार मोहल्ल्यात गेला. तिथं त्यानं टोपी घातली, सलाम केला आणि साकवाबद्दल विचारलं तेव्हा म्हणाला, ‘होईल, इन्शाल्ला.’ चाचांनी मला हे सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसत होते. म्हणाले, ‘आमी इन्शाल्ला म्हनतो ते आपल्या हातात सगळं नाय म्हनून. त्याच्या हातात सही हाय की वो. अल्ला काय अंदाजपत्रक करनार?’

दरवर्षी आषाढीला मुख्यमंत्री पंढरपुरात महापूजा करतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते, विठ्ठलाला साकडं. महापूजा करावी, माझा काही आक्षेप नाही. पण शेतकऱ्याचं भलं होऊ दे हे साकडं आम्ही ज्याला घालायचं, त्यानंच ते पुढे विठ्ठलाकडे पाठवलं, की पोस्टमन झाला की नाही? वारीला आलेला शेतकरी ते मागणं मागतो तेव्हा त्याच्याकडे दुसरा उपाय नसतो. मुख्यमंत्र्यांकडे मंत्रालय असतं.

गुरवकाकांशी मी हे एकदा बोललो. त्यांना कायद्याचं काही पडलेलं नव्हतं, चाचांबद्दल ऐकून मात्र वाईट वाटलं. त्यांचा राग निराळाच होता. ‘गाऱ्हाणं घातलान, बरं. पन नारळ कुठं ठेवलान? काय देनार ते बोललान काय?’ मी म्हटलं, निवडून आलो तर साकव बांधीन म्हणाला. काका म्हणाले, ‘तो साकव देवाकडं मागितलान. आपुन काय देनार ते नाय सांगितलान.’ मी शाळेत तीस वर्षं व्याकरण शिकवलं, पण वाक्याचा कर्ता कोण हे इतकं चटकन मला दिसलं नव्हतं.

मागच्या विधानसभेला प्रचाराची माणसं काकांकडेच आली. व्यासपीठावर येऊन तुम्हीच गाऱ्हाणं घाला, खऱ्या गुरवाचं असलं की वजन पडतं. मानधनही देऊ म्हणाले. काकांनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, की साहेबांना सोमवारी देवळात घेऊन या, नारळ आणा, भोंगा बाहेर ठेवा. काय बोलायचं ते साहेब स्वतः बोलतील, मी फक्त ऐकीन. कार्यकर्त्यांनी वेळापत्रक बघितलं. सोमवारी साहेबांच्या तीन सभा होत्या.

मग त्यांनी मुंबईहून नाटकात काम करणारा एक पोरगा आणला. त्याचं गाऱ्हाणं आमच्या काकांपेक्षा सुरेल झालं, हे काकाही मान्य करतात. चाचा त्या सभेला आले नव्हते. दसरा-दिवाळी होऊन गेली होती तरी वहाळाला पाणी होतं, आणि साकव अजून झालेला नाही.