वाटेचा हक्क

दोन वर्षांपूर्वी उन्हाळी सुटीच्या दिवसांत मी जुम्याच्या बयानात किनाऱ्यावर येणाऱ्या पर्यटकांच्या पेहरावावर कडक शब्दांत बोललो. ज्या गावी मी इमामत करतो, ते कोकणच्या किनारपट्टीवर आहे. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांनी रस्ता भरून जातो. बयान लोकांना आवडले. त्याच संध्याकाळी किनाऱ्यावर आमच्याच मोहल्ल्यातील चार तरुण दिसले. पाण्यातून बाहेर येणाऱ्या एका कुटुंबातील मुलींचे ते मोबाईलवर चित्रण करीत होते. मी हटकले, तेव्हा एकजण हसून म्हणाला, "मौलाना, या लोकांना लाज नाही, असं दुपारी तुम्हीच तर सांगितलंत!"

ते वाक्य अद्याप माझ्या मनातून गेलेले नाही. समोरचा मनुष्य चुकत असेल, तर त्याच्याविषयीचे माझे कर्तव्य संपते काय?

मुरुड-हरिहरेश्वरपासून तारकर्लीपर्यंत, पुढे गोव्यात बागा-कळंगुटला जाऊन आलेल्या कोणालाही विचारा. गाडीमागे मोटारसायकल पळवणारे खोल्यांचे दलाल, नको म्हटले तरी पाठ न सोडणारा फेरीवाला, बोटीत चढताना एक दर आणि उतरताना दुसरा. स्त्रियांच्या वाट्याला याखेरीज नजरा, शेरे आणि कॅमेरे येतात. (परदेशी स्त्रीला गराडा घालून सेल्फीचा आग्रह धरणारे पुष्कळदा स्वतःच पर्यटक असतात, हेही सांगितले पाहिजे.) गोव्याने पर्यटनस्थळांच्या संरक्षणासाठी २००१ मध्ये कायदा केला. कायदा हवाच, परंतु त्या संध्याकाळी ते कुटुंब पोलिसांकडे गेले नाही. सूर्यास्ताच्या आधीच सामान आवरून निघून गेले. धाकटी मुलगी अजून थोडा वेळ लाटांत खेळू द्या म्हणून रडत होती आणि आई वारंवार मागे वळून पाहत होती. कुरआनने समुद्राला अल्लाहच्या निशाण्यांत गणले आहे. ती निशाणी पाहायला आलेल्या माणसांना आम्ही आमच्याकडे पाहायला लावले.

हिजरी सन १० मधील, अखेरच्या हजच्या वेळचा प्रसंग आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सांडणीवर मागे तरुण फज्ल बिन अब्बास (रजि.) बसले होते. खसअम कबिल्याची एक स्त्री प्रश्न विचारण्यास आली: वडील अतिवृद्ध आहेत, वाहनावर बसू शकत नाहीत, त्यांच्यातर्फे मी हज करू शकते काय? फज्ल तिच्याकडे पाहू लागले, तीही त्यांच्याकडे पाहू लागली. प्रेषितांनी (स.) हाताने फज्लचे तोंड दुसरीकडे वळवले आणि त्या स्त्रीला उत्तर दिले: होय.

कोणी म्हणेल, ती हजला आली होती, हे मौजेसाठी येतात. परंतु सूरह अन्-नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा आदेश आधी पुरुषांना आहे, स्त्रियांना त्यानंतर. आणि समोरची व्यक्ती कशासाठी आली आहे, अशी अट त्याला नाही. स्त्रियांच्या आदेशावर मी किती बयाने दिली आणि पुरुषांच्या आदेशावर किती, हा हिशेब मी त्या रात्री प्रथमच मांडला.

पोटाचा प्रश्नही खरा आहे. पावसाळ्यात बोटी बंद राहतात; वर्षाची कमाई थोड्या महिन्यांत करावी लागते. प्रेषितांनी (स.) रस्त्यावर बसण्यास मनाई केली, तेव्हा सहाबांनीही अडचण मांडली होती की, तेथे बसण्यावाचून आम्हास गत्यंतर नाही. ती ऐकून घेतली गेली. मग बसा, पण वाटेचा हक्क द्या, असे त्यांना सांगण्यात आले: नजर खाली ठेवणे, त्रास न देणे, सलामाला उत्तर देणे, भल्याचा आग्रह धरणे व वाईटापासून रोखणे. वाटेने जाणारा कोणत्या धर्माचा, कोणत्या वेशातला, हे त्यात विचारलेले नाही.

पुढच्या जुम्याला मी फज्ल (रजि.) यांचा प्रसंग सांगितला आणि आदल्या बयानात माझ्याकडून अर्धीच गोष्ट सांगितली गेली, हे मिंबरवरूनच कबूल केले. काही बुजुर्गांना ते रुचले नाही. त्या चार तरुणांपैकी दोघे त्या दिवशी दुसऱ्या सफेत बसले होते. नमाजनंतर एकाने जवळ येऊन हळूच विचारले, "मौलाना, मोबाईलमधलं पुसून टाकलं तर पुरेल का?" त्या मुलींची माफी मागायला आता त्यांचा पत्ता कोणाजवळच नव्हता.