साहेबांचा हुकूम आणि कारकुनाची लेखणी

देवरूखसारख्या तालुक्याच्या गावी पतसंस्थेतील कारकुनाची नेमणूक अनेकदा अध्यक्षांच्या शब्दाखातर झालेली असते. त्यामुळे खतावणी चाळताना एखादे बनावट कर्ज ज्याच्या नजरेस पडते, त्या इसमापुढे नोकरीचा प्रश्न तर उभा राहतोच, पण त्याहून अवघड असा कृतघ्नतेचाही प्रश्न उभा राहतो. कायदा मात्र उपकारांचा हिशेब ठेवीत नाही.

भारतीय न्याय संहितेचे कलम 344, म्हणजे जुन्या दंडविधानातील 477-अ, मुळी कारकून, अधिकारी आणि नोकर यांनाच उद्देशून लिहिलेले असून, फसविण्याच्या हेतूने हिशेबात खोटी नोंद करणाऱ्यास अथवा तीस साहाय्य करणाऱ्यास त्यात सात वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. अजाणतेपणी, वरिष्ठांवर विश्वासून केलेली नोंद या कलमात सापडत नाही. परंतु सत्य कळल्यानंतर त्याच लेखणीने केलेली पुढची नोंद अजाणती उरत नाही, आणि माझ्या मते या साऱ्या विषयाचे मर्म येथेच आहे. ‘साहेबांनी सांगितले म्हणून लिहिले’ हा बचाव तेथून पुढे लंगडा पडतो, कारण संहितेचे कलम 32 सक्तीची सबब मान्य करते ती तत्क्षणी मृत्यूचे भय असेल तरच. बडतर्फीचे भय, घरी कितीही तोंडे खाणारी असोत, त्यात बसत नाही.

नुसत्या मौनाचे काय? सर्वच गुन्ह्यांची खबर देण्याचे बंधन नागरिकावर नाही. तथापि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 33 मधील यादीत लोकसेवकाने वा बँकरने केलेला फौजदारीपात्र न्यासभंग येतो, आणि गप्प राहण्यास वाजवी कारण होते हे शाबीत करण्याचा भार गप्प राहणाऱ्यावरच पडतो. पतसंस्थेचा अध्यक्ष या अर्थी बँकर ठरतो काय, यावर वकील वाद घालोत. कारकुनाने त्या वादाच्या भरवशावर निर्धास्त राहू नये.

2019च्या सप्टेंबरात भांडुप येथील पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा एका बांधकाम समूहाची थकीत कर्जे झाकण्यासाठी 21,000हून अधिक बनावट खाती रचल्याचे उघड झाले. आतील काही महिला कर्मचाऱ्यांनी ही माहिती रिझर्व्ह बँकेपर्यंत पोचविल्याचे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते. इतकी खाती एकट्या वरिष्ठाच्या हातून रचली जात नाहीत, हे सांगायला तज्ज्ञ नको. तेथील ठेवीदारांना पुढे निदान 5 लाखांपर्यंत ठेवविम्याचे कवच तरी मिळाले. पतसंस्थेच्या ठेवीदाराला तेही नाही, म्हणून मुंबईच्या चाकरमान्याने गावी ठेवलेली पुंजी कारकुनाच्या मौनाने अधिकच उघडी पडते.

आणि सांगणाऱ्याचे रक्षण? जागल्यांच्या संरक्षणाचा 2014चा कायदा संमत होऊनही अमलात आलेला नाही, आणि त्याचा रोख लोकसेवकांवरच आहे. कर्तव्य लादायचे आणि संरक्षण टाळायचे, हा शासनाचा व्यवहार मला अप्रामाणिक वाटतो. तरीही एक वाट उरते. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 81 अन्वये अपहार आढळल्यास निबंधकास कळविणे आणि त्याच्या लेखी परवानगीने फिर्याद देणे लेखापरीक्षकावर बंधनकारक आहे. म्हणून वार्षिक तपासणीस आलेल्या त्या गृहस्थाच्या हाती कारकुनाने तारखेनिशी लेखी टिपण द्यावे, आणि त्याची पोच मागून घ्यावी.