सुतक कुणी धरायचं?

समर्थ रामदास आमच्याकडचे. घनसावंगी तालुक्यातल्या जांबला १६०८ साली त्यांचा जन्म झाला, आणि माझं माहेर त्याच तालुक्यातलं. त्यामुळे दासबोध मी मुद्दाम वाचला असं कधी झालं नाही, तो लहानपणापासून कानावर पडत गेला. पुढे जालन्याला शाळेत शिकवता शिकवता कादंबऱ्या लिहायला लागले, तेव्हा मात्र तो उघडून बसले आणि चौदाव्या दशकातल्या कवित्वकलेच्या समासाशी माझं भांडण जुंपलं.

समर्थ तिथं रचनेचे तीन प्रकार सांगतात. मनात आलं ते रेटून रचलं, ते धीट. पुष्कळ वाचून, दुसऱ्याचं पाहून त्यासारखं उभं केलं, ते पाठ. शृंगार, वीर, हास्य, विनोद अशा सगळ्याची रवानगी ते धीटपाठात करतात. म्हणजे १८५७ च्या ‘यमुनापर्यटन’पासून आजपर्यंतची मराठी कादंबरी जवळजवळ सगळी तिथंच गेली. बाबा पदमनजींनी ती विधवांच्या हालांवर, ख्रिस्ती धर्माच्या तळमळीनं लिहिली होती. हेतू धार्मिक म्हणून समर्थांनी तिला थोडी सवलत दिली असती का, हे मला फार जाणून घ्यावंसं वाटतं. तिसरा प्रकार प्रासादिक. तो खटपट करून साधत नाही. ज्याच्या आत भक्ती आहे, ज्याला धनामानाचा वीट आला आहे, तो सहज बोलला तरी त्याचं कवित्व होतं.

हे भांडण समर्थांशी सुरू झालं आणि हळूहळू आम्हा लिहिणाऱ्यांकडेच वळलं. संमेलनातल्या परिसंवादात कादंबरीकाराला हमखास विचारतात, पात्रं सुचतात कशी? उत्तरही ठरलेलं असतं: मी कुठं लिहितो, तीच माझ्याकडून लिहून घेतात, एका टप्प्यानंतर ती माझं ऐकतच नाहीत. सभागृह खूश. हे प्रसादाचंच बोलणं आहे, फक्त देवाचं नाव गाळलेलं. समर्थांनी प्रसादाची किंमत सांगून ठेवली होती. ती न भरता आम्ही माल उचलतो. पात्रांनी लिहून घेतलं म्हणता, तर मुखपृष्ठावर नाव कुणाचं? मानधनाच्या पावतीवर सही कुणाची? पात्राचं काही वाईट झालं की मात्र ती त्याची नियती.

हे मला खटकायला लागलं ते मावशीमुळे. तिला अलीकडे अक्षर दिसत नाही, म्हणून नव्या कादंबरीचं हस्तलिखित मी तिला वाचून दाखवत होते. कादंबरी २०१२-१३ च्या दुष्काळावरची. त्या वर्षी आमच्या जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या. लोकांनी विकतच्या टँकरनं झाडं जगवून पाहिली आणि शेवटी स्वतःच कुऱ्हाड लावली. माझा नायक असाच एक अंबडकडचा बागाईतदार. शेवटाकडे तो मरतो. मावशीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मारलंस ना गं त्याला? मंग सुतक कुनी धरलं?”

“मावशी, तो खरा नाही.”

“खरा नाही, तर मी रडले कशापायी?”

शिकलेल्या माणसाला अशा वेळी वेदान्त सुचतो. दृश्य सगळंच मायिक. मी, मावशी आणि तो बागाईतदार एकाच मापाचे, मग कुणाचं सुतक नि कुणाला? या उत्तरात खोट काढता येत नाही, आणि म्हणूनच मला त्याचा भरवसा वाटत नाही. समर्थांनाही ते इतकं स्वस्तात चाललं नसतं. दृश्य मिथ्या म्हणणारा हाच ग्रंथ आधी प्रपंच नेटका करा असं बजावतो, आणि एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास तर सबंध लेखनक्रियेवर आहे. अक्षर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखं हवं. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही. भोवती जागा सोडावी, म्हणजे कागदाची कड झडली तरी अक्षर जात नाही. बरू निवडून आणावेत, हिंगूळ जवळ असावा, पोथी मेणकापडात बांधावी, पेटीला कुलूप असावं. पुढे कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत डोमगावच्या मठात टिकली आणि धुळ्याच्या शंकरराव देवांनी तिच्यावरून छापील ग्रंथ काढला, त्याच्या मुळाशी ही काळजी आहे. मला हा समास कवित्वकलेच्या समासापेक्षा अधिक धार्मिक वाटतो. प्रसाद मिळेल, न मिळेल. कड सोडणं माझ्याकडे आहे.

आणि मारणंही. मोसंबीचा आंबिया बहार धरायचा तर झाडाला आधी ताण देतात. पाणी तोडतात, पानं पिवळी पडू देतात, मग पाणी सोडलं की झाड फुलानं भरून जातं. कादंबरीकार पात्राला दुसरं काय करतो? पण बागाईतदार रोज बागेत जातो, पानगळ किती झाली ते बघतो, जमीन हलकी की भारी हे मनात धरून पाणी सोडायचा दिवस ठरवतो. ताण जास्त झाला तर झाड जातं, आणि झाडानंच माझ्याकडून पाणी तोडून घेतलं असं म्हणणारा बागाईतदार मला अजून भेटलेला नाही. तेव्हा समर्थांनी दिलेलं धीट हे नाव मी आता तक्रार न करता लावते. रेटून रचलं, मीच रचलं.

म्हणून सुतकाचं प्रकरण लिहायला घेतलं आहे. आधी नायक मेल्यावर दोन पानांत कादंबरी संपत होती, आणि प्रकाशकाला तोच शेवट पसंत होता. हजार प्रतींची आवृत्ती, पानं वाढली की किंमत वाढते, ग्रंथालयं हात आखडतात. त्याचंही चूक नाही. तरी लिहिते आहे. तलाठ्याचा पंचनामा, टँकरवाल्याची राहिलेली उधारी, तोडलेल्या मोसंबीचं लाकूड वीटभट्टीला गेलं त्याचा हिशेब, शेजारच्या घरून आलेलं पिठलं.

दहाव्याशी अडले. घाट, पिंड आणि कावळा म्हटलं की बाबा भांडांची ‘दशक्रिया’ आठवणारच, ती तर शेजारच्या पैठणची. तिच्या सावलीत लिहिलं तर माझी बदली धीटातून पाठात. पण खरी अडचण वेगळी आहे. कावळा शिवत नाही. नातेवाईक एकेक कबूल करताहेत: पोरीचं लग्न लावून देऊ, सोसायटीचं कर्ज फेडू. प्रत्यक्ष घाटावर कावळा कुणाच्या हातात नसतो, सगळ्यांना सारखाच ताटकळत ठेवतो. इथं तो मी म्हणेन तेव्हा उतरणार. म्हणजे मेलेल्याची राहिलेली इच्छाही मीच ठरवायची.

मावशीला शंका नाही. “बाग परत लावू म्हना, मंग शिवंल.” पण त्याच्या रानात बोअर घेतलं तरी पाणी लागत नाही, हे मी आधीच्या प्रकरणात लिहून बसले आहे.