उत्खनन कोणाचे?

उत्खननात सामान्य माणसाचे स्थान काय, या प्रश्नाचे उत्तर गेल्या शतकभरात अनेकदा बदलले. आधी तो फक्त मजूर होता. मग तो प्रेक्षक झाला, मग स्वयंसेवक, आणि आता कुठे कुठे तो जाब विचारणारा झाला आहे. हा प्रवास मला महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे तो अर्ध्यावर थांबला आहे.

मॉर्टिमर व्हीलर यांनी १९३४ ते १९३७ या काळात इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात मेडन कॅसल हा लोहयुगीन टेकडीकिल्ला खणला. वर्तमानपत्रांना नियमित बातम्या द्यायच्या, आलेल्या माणसाला चराच्या काठावर उभे करून समजावून सांगायचे, चित्रांची पोस्टकार्डे विकून निधी जमवायचा, हे सगळे त्यांनी मनापासून केले. लोकांना काम समजावून देणे ते संशोधकाचे कर्तव्य मानत. याच उत्खननात ह. धी. सांकलिया हा तरुण भारतीय विद्यार्थी शिकत होता. १९३९ मध्ये सांकलिया डेक्कन कॉलेजात आले आणि पुढे जोर्वे, नेवासे येथील उत्खननांतून महाराष्ट्राचा ताम्रपाषाणयुगीन इतिहास उभा राहिला. व्हीलर स्वतः भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले आणि १९४४ मध्ये त्यांनी तक्षशिलेला प्रशिक्षण वर्ग भरवला. थर वाचण्याची शिस्त भारतात रुजली ती तिथून. लोकांना सामावून घेण्याची शिस्त मात्र तेवढी रुजली नाही.

तिकडे १९५४ मध्ये लंडनला एका कार्यालयाच्या इमारतीचा पाया खणताना रोमन मिथ्र देवाचे मंदिर निघाले. ते पाहायला लोकांच्या लांबच लांब रांगा लागल्या आणि ते जपायचे का, हा प्रश्न थेट सरकारपर्यंत गेला. १९७२ मध्ये अमेरिकेत चार्ल्स मॅकगिम्सी यांनी ‘पब्लिक आर्किऑलॉजी’ हे पुस्तक लिहिले. भूतकाळ ही जनतेची ठेव आहे, म्हणून शासनाने ती जपली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे लोकांच्या वतीने राखण करायची ती तज्ज्ञांनी. ब्रिटनमध्ये १९९० नंतर बांधकामाआधीच्या उत्खननाचा खर्च विकासकांवर पडू लागला. काम वाढले आणि ते व्यावसायिक संस्थांकडे गेले. हौशी माणसाला चरात जागा उरेना. त्यातून मग गावांनी स्वतःच प्रश्न ठरवून स्वतः खणण्याची चळवळ जोर धरू लागली.

आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. महाराष्ट्रातल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर उत्खनन सुरू झाले की चराच्या तळाशी बसलेला माणूस बहुधा त्याच गावचा असतो. कुदळीखालची माती बदलली की त्याच्या हाताला ते आधी कळते. तो सहभागी आहेच. आपण त्याला सहभागी म्हणत नाही, इतकेच. अहवालात छायाचित्रकाराचे नाव येते, त्याचे क्वचितच.

प्रवरेच्या काठच्या दायमाबादला १९७४ मध्ये एका भिल्ल ग्रामस्थाला झाडाचे मूळ खणून काढताना चार ब्राँझच्या वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैल जुंपलेला रथ. एकूण वजन सुमारे ६० किलो. भारतीय धातुकलेतील हा अपूर्व ठेवा. पण तज्ज्ञ पोहोचण्याआधीच वस्तू जमिनीतून बाहेर आल्या होत्या, त्यामुळे त्यांच्या काळाबद्दल आजही एकमत नाही. कोणी त्यांना उत्तर हडप्पा काळातल्या मानतात, तर कोणी धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावरून शंका घेतात. दोष त्या माणसाचा नाही. मुळाशेजारची माती वस्तूइतकीच बोलकी असते, हे त्याला सांगण्याची जबाबदारी आपली होती. लोकसहभागाची गरज केवळ न्यायासाठी आहे असे मी म्हणणार नाही. ज्ञानासाठीही ती आहे.

तमिळनाडूत मदुराईजवळच्या कीळडीला लोकांचा रेटा दिसला. उत्खननात सापडलेल्या वस्तू बाहेर नेण्याविरुद्ध प्रकरण उच्च न्यायालयात गेले, पुढे राज्याच्या खात्याने उत्खनन चालू ठेवले, आणि २०२३ मध्ये तिथेच संग्रहालय उघडले. या उत्साहात भाषिक अस्मिता मिसळलेली आहे आणि अस्मितेला हवा तो काळ मातीत सापडावा असे वाटत राहते. तो धोका खरा आहे. तरीही लोक तपशील विचारू लागले की संशोधकाला आपला पुरावा उघड मांडावा लागतो, आणि हे मला उदासीनतेपेक्षा कितीतरी बरे वाटते. काळ ठरवायचा तो मात्र थरांवरून. त्यात मतदान नाही.

म्हणून उत्खननाचा परवाना देतानाच तीन अटी घालाव्यात: हंगाम संपण्याआधी गावासाठी खुला दिवस, कामावरच्या मजुरांची नावे अहवालात, आणि त्या अहवालाचा मराठी सारांश ग्रामपंचायतीत. खर्च फारसा नाही. आणि वाचकहो, तुमच्या शेतात रंगीत खापर, मणी किंवा धातूची वस्तू वर आली तर आणखी खणू नका. जागेची खूण करा, फोटो काढा आणि तहसीलदारांना किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा.