तारणारा कोण, मारणारा कोण

महायुद्धाच्या काळातील लढाऊ विमाने जतन करून ती पुन्हा आकाशात उडवण्याचा जो नाद इंग्लंड-अमेरिकेतील कित्येक गुणी माणसांनी आयुष्यभर जोपासला आहे, त्याविषयी माझ्या मनात आदर आहे. कारण संग्रहालयात उभे केलेले विमान पाहून इतिहास कळतो खरा, परंतु तेच विमान गर्जत डोक्यावरून जाते तेव्हा, ज्या विशी-बाविशीच्या तरुणांनी त्यात बसून प्राण दिले, त्यांचे स्मरण अंगावर काटा आणते. मात्र अशा प्रात्यक्षिकात अपघात होऊन वैमानिक जिवंत बाहेर आला, की आपल्या तोंडून जे वचन सहज निघते, ‘देव तारी त्याला कोण मारी’, ते मला दीर्घकाळ अस्वस्थ करीत आले आहे.

इंग्लंडातील डक्सफर्डच्या धावपट्टीवर १० जुलै २०११ रोजी जे घडले, त्याला हे वचन चपखल बसते. प्रात्यक्षिकाच्या अखेरीस एकत्र उडणारी विमाने एकेक करून वळत असता एका स्कायरेडरची एका मस्टँगला धडक बसली. मस्टँगमध्ये वैमानिकाला आसनासकट बाहेर फेकणारी व्यवस्था नसते. डोक्यावरचे छत दूर सारून, पट्टे सोडून, स्वतःच्या अंगबळाने बाहेर पडावे लागते, आणि तेही जमीन झपाट्याने वर येत असताना. मस्टँगचे वैमानिक रॉब डेव्हिस यांनी ते केले, छत्री उघडली व ते वाचले. मस्टँग शेतात कोसळले, आणि पंखाचे टोक गमावलेले स्कायरेडरही सुखरूप उतरले. जमिनीवर कोणाला इजा झाली नाही. काळ आला होता पण वेळ आली नव्हती, असे म्हणून ही हकीकत कोणीही समाधानाने संपवील, आणि त्या समाधानाला हरकत घेण्याचे कारण मलाही दिसत नाही.

परंतु चार वर्षांनी, २२ ऑगस्ट २०१५ रोजी, इंग्लंडातच समुद्रकाठच्या शोरम येथील प्रात्यक्षिकात हे समाधान पार मोडून पडते. तेथे उडत होते ते १९५५ साली बांधलेले हॉकर हंटर, म्हणजे आपल्या वायुदलाने १९७१ साली लोंगेवालाच्या वाळवंटात शत्रूचे रणगाडे ज्या जातीच्या विमानांनी उद्ध्वस्त केले, त्याच कुळातले. वैमानिक अँडी हिल यांनी विमान वर चढवून पालथे करीत पुन्हा खाली आणण्याची कसरत आरंभली. तिच्या माथ्यावर किमान साडेतीन हजार फूट उंची हवी होती. विमान पोहोचले सुमारे सत्तावीसशे फुटांवर. कसरतीत शिरतानाचा वेग कमी होता, आणि चढताना इंजिनाची पूर्ण शक्ती वापरली गेली नव्हती. माथा ओलांडल्यानंतरही सुमारे चार सेकंदांपर्यंत विमान सरळ करून संकटातून निघणे शक्य होते, असे चौकशीत निष्पन्न झाले. ते झाले नाही. विमान मैदानालगतच्या ए-२७ या हमरस्त्यावर कोसळले आणि अकरा माणसे मृत्यू पावली. त्यांत असेही होते की ज्यांना त्या प्रात्यक्षिकाशी काडीचे कर्तव्य नव्हते. दोन तरुण तर फुटबॉलच्या सामन्याला निघाले होते. वैमानिक मात्र फुटलेल्या कॉकपिटमधून बाहेर फेकला गेला आणि भयंकर जखमी अवस्थेत जगला.

आता त्या अकरा जणांपैकी एखाद्याच्या आईसमोर उभे राहून ‘देव तारी’ हे वचन उच्चारण्याची छाती कोणाला होईल? वैमानिकाला तारणारा हात देवाचा असेल, तर त्याच क्षणी, त्याच आगीत, रस्त्यावरच्यांना सोडून देणारा हातही त्याचाच मानावा लागतो. आणि असा पक्षपात ईश्वराच्या नावे लिहिणे ही मला भक्ती वाटत नाही. बारा नोव्हेंबर २०२२ रोजी अमेरिकेत डॅलस येथे बी-१७ आणि किंगकोब्रा ही महायुद्धकालीन विमाने एकमेकांवर आदळली व दोहोंतील सहाही माणसे गेली; ती काय देवाला कमी प्रिय होती? वाचणे हा कौल नव्हे, मरणे ही शिक्षा नव्हे, एवढे तरी मी निःशंकपणे मानतो.

मग जे घडले त्याचा हिशेब कोणाच्या नावे मांडावा? येथे मला गीतेच्या अठराव्या अध्यायाचा आधार वाटतो. कोणत्याही कर्माच्या सिद्धीला अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव अशी पाच कारणे तेथे सांगितली आहेत, आणि असे असता जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची बुद्धी संस्कारहीन ठरवली आहे. शोरमचा चौकशी अहवाल वाचताना हीच पाच कारणे नव्या पोशाखात समोर येतात. हमरस्त्याला खेटून असलेले मैदान आणि प्रेक्षकांच्या व वाटसरूंच्या रक्षणासाठी केलेली, पण अपुरी ठरलेली तजवीज, हे अधिष्ठान. साठ वर्षांचे, तरीही अखेरपर्यंत नियंत्रणाला प्रतिसाद देणारे विमान, हे करण. कमी वेग, कमी शक्ती, कमी उंची, या चेष्टा. दुसऱ्या एका विमानासाठी योग्य असलेली उंची या विमानासाठी वैमानिकाच्या मनात आली असावी, अशीही एक शक्यता अहवालाने नोंदवली; म्हणजे कर्त्याच्या आतही किती कारणे दडलेली असतात पाहा. उरले दैव: त्या क्षणी कोणती गाडी त्या चौकात असावी, एवढेच. पाचवा हिस्सा दैवाचा आहे, पण पाचवाच. उरलेले चार माणसांच्या हद्दीत मोडतात, आणि दैवाचे नाव पुढे करून त्यांची जबाबदारी टाळता येत नाही.

यापुढचा प्रश्न मला सर्वांत बिकट वाटतो. हिल यांना अपघाताची काहीच स्मृती राहिली नाही. ज्याचे स्मरण नाही त्या कृत्याचा मनुष्य कर्ता उरतो काय? आपल्या कर्मविपाकाच्या सिद्धान्तात स्मृतीला मुळी स्थानच नाही. मागील जन्मीचे ज्याचे त्याने भोगावे, आठवो वा न आठवो. फौजदारी न्यायाला मात्र कर्त्याच्या मनाची अवस्था पाहावीच लागते. मार्च २०१९ मध्ये लंडनच्या न्यायालयात, कसरतीच्या वेळी त्यांची बुद्धी मंदावली असण्याची शक्यता बचावपक्षाने मांडली आणि पंचांनी त्यांची निर्दोष मुक्तता केली. कायद्याच्या दृष्टीने येथे मामला मिटला होता. ‘माझ्या आयुष्याची दोरी बळकट’ म्हणून निघून जाण्याची त्यांना मुभा होती. त्यांनी तसे केले नाही. न्यायालयाबाहेर उभे राहून त्यांनी, या मृत्यूंत आपला जो वाटा होता त्याबद्दल मनःपूर्वक दुःख व्यक्त केले, जन्मभर त्या माणसांचे स्मरण राहील असे सांगितले, आणि अकराही नावे एकेक करून वाचली.

त्या निवेदनातील ‘वाटा’ मला फार मोलाचा वाटतो. आपणच सर्व केले असा आक्रोश त्यात नाही आणि आपण काहीच केले नाही अशी सुटकाही नाही; पाचांपैकी कर्त्याचा जो हिस्सा तेवढा, आठवत नसतानाही, त्यांनी आपला म्हणून पत्करला. आप्तांच्या दुःखाचे याने निवारण झाले असे मी म्हणणार नाही. पुष्कळांना तो निकालच असह्य वाटला असेल, आणि तसे वाटण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. पुढे पावणेचार वर्षांनी, डिसेंबर २०२२ मध्ये, मृत्यूंची स्वतंत्र चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी ही अकरा माणसे बेकायदेशीरपणे मारली गेली असा निर्णय दिला. एका दालनात निर्दोष, दुसऱ्या दालनात हे मृत्यू बेकायदेशीर. पुष्कळांना ही विसंगती वाटली. मला ती तशी वाटत नाही. पंचांपुढे प्रश्न होता तो एका माणसाला दोषी ठरवून शासन करावे की नाही हा, आणि त्याला निःसंदेह पुराव्याची कसोटी होती. चौकशी अधिकाऱ्यांपुढे प्रश्न होता तो ती अकरा माणसे कशी मेली हा, आणि त्याला उत्तर मिळण्याचा हक्क त्यांच्या घरच्यांना होता, वैमानिक वाचला असता काय अथवा गेला असता काय.