अर्धवेळ आणि अर्धवट

माणसानं पैशासाठी खेळावं की खेळासाठी, हा प्रश्न मला कधी पडेल असं वाटलं नव्हतं. कारण मुळात मी खेळतच नाही. बी.कॉम.ला असताना थोडा कॅरम खेळलो, तोही पावडर माझी असायची म्हणून. पण आमचा मेहुणा कार्डिफला डॉक्टर आहे. त्यानं विमानाची तिकिटं पाठवली आणि आम्ही उभयता वेल्सला गेलो. तिथं पाहुण्याला दोन गोष्टी दाखवतात : किल्ले आणि रग्बी. किल्ल्यांच्या बाबतीत मराठी माणूस सहसा हरखत नाही. तेव्हा शनिवारी दुपारी मेहुणा म्हणाला, "चला भावजी, मॅच दाखवतो."

खोऱ्यातलं गाव. कोळशाच्या खाणी कधीच बंद पडलेल्या. पाऊस असा, की पडतोय म्हणावं तर दिसत नाही आणि नाही म्हणावं तर धोतर भिजावं. (मी पँटीत होतो, पण हिशेब तोच.) मैदानावर आठ माणसं खांद्याला खांदा लावून, मुंड्या खाली घालून, समोरच्या आठांना ढकलत होती. याला स्क्रम म्हणतात. पेन्शनच्या तारखेला आमच्या काउंटरसमोर हा खेळ मी वर्षानुवर्षं पाहत आलोय. फरक एवढाच, की तिथं पंच असतो.

"तो पुढच्या रांगेतला जाडा बघा," मेहुणा म्हणाला. "गुरुवारी आमच्या मोरीचा पाइप त्यानंच दुरुस्त केला."

मी चमकलो. "म्हणजे हा प्लंबर आहे?"

"सोमवार ते शुक्रवार. संध्याकाळी सराव, शनिवारी मॅच. अर्धा व्यावसायिक. क्लब थोडेफार पैसे देतो. त्यात घर चालत नाही, पण घरातली बोलणी थोडी कमी होतात."

त्या देशात २००३ साली बड्या व्यावसायिक रग्बीसाठी पाच विभागीय संघ काढले. त्यातला पॉन्टिप्रिड आणि ब्रिजेंड यांचा मिळून केलेला एक संघ वर्षभरात बंदही पडला. जुने गावोगावचे क्लब एक पायरी खाली उरले. २०२४ पासून त्यांतल्या दहा क्लबांची 'सुपर रग्बी कम्री' नावाची स्पर्धा भरते. नाव सुपर, खेळणारे आपले प्लंबर, मास्तर, वायरमन. सप्टेंबरात सुरू होणारा हंगाम थंडीचा चिखल तुडवत उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो.

आता या खेळात पैशाचा प्रश्न किती जुना ते ऐका. इंग्लंडच्या उत्तरेकडे गिरणी-खाणीतले कामगार शनिवारी खेळायचे आणि त्या दिवसाची मजुरी बुडायची. क्लब म्हणाले, बुडालेल्या दिवसाचे सहा शिलिंग तरी देऊ द्या. रग्बी युनियन म्हणाली, छे, पैसा आला की खेळ बाटला. झालं. २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या एका हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. त्यातून पुढे रग्बी लीग झाली.

वेल्सचे लोक युनियनमध्येच राहिले, पण हिशेबात जरा मोकळे. आर्थर गूल्ड हा त्यांचा लाडका कप्तान. १८९७ साली लोकांनी वर्गणी काढून त्याला चक्क घर दिलं. बाकीच्या युनियनांनी 'हा तर पगार!' म्हणून ओरड केली. त्या भांडणात वेल्स काही काळ आंतरराष्ट्रीय मंडळातून बाहेरही पडलं. पुढे शहाणपण आलं. मॅच संपवून खेळाडू बूट घालायला जायचा आणि बुटात नोटा सापडायच्या. कोणी ठेवल्या, देवाला ठाऊक. पण जो उघडपणे लीगकडे गेला, १९६७ साली डेव्हिड वॉटकिन्स गेला, १९८९ साली जोनाथन डेव्हिस गेला, त्याला युनियनचे दरवाजे बंद. म्हणजे बुटातले पैसे पवित्र, पावतीवरचे बाटगे! आम्ही पावती फाडणारी माणसं, आम्हाला हे नीतिशास्त्र पचत नाही. अखेर ऑगस्ट १९९५ मध्ये मंडळानं बंदी उठवली. सहा शिलिंगांचा अर्ज मंजूर व्हायला शंभर वर्षं. आमचा महागाईभत्त्याचा फरक त्या मानानं वेळेवर मिळतो म्हणायचा.

थट्टा सोडा, पण 'पैशासाठी खेळू नये' असं कोण म्हणत होतं? ज्याला शनिवारच्या मजुरीची गरज नव्हती तो. पोट भरलेल्या माणसाला उपासाचं महत्त्व चटकन पटतं. मग पैसे घेणं बरोबर, एवढं सरळ उत्तर आहे का? तेही नाही. त्या जाड्याला मिळणाऱ्या पैशात कुणी मान मोडून घ्यायला तयार होणार नाही. तो पैशासाठी खेळत नाही आणि फुकटही खेळत नाही. आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे. पगार म्हणजे वेळेची किंमत. बिदागी म्हणजे खूश झाल्याची खूण. आणि मानधन म्हणजे, "बाबा, तुझी किंमत आम्हाला परवडत नाही, हे ठेव." मलाही लेखामागे ते मिळतं. पोस्टातून ते घरी येईपर्यंत रिक्षाला अर्धं जातं, पण उरलेलं मी आठवडाभर खिशात बाळगतो.

इथंच मला माझी गोष्ट टोचू लागली. मीही अर्धा व्यावसायिक. पगार बँकेचा आणि जीव लेखात. दोन वर्षांपूर्वी काउंटरवर बसून डोक्यात एका विनोदाचा शेवट जुळवत होतो आणि एका पेन्शनर आजोबांचे पैसे दुसऱ्याच खात्यात जमा केले. आजोबा औषधाच्या दुकानातून रिकाम्या हातानं परतले, उन्हात दोन हेलपाटे घातले. मला म्हणाले, "होतं असं साहेब." ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या लेखाचं कौतुक झालं. मानधन मात्र मला खर्चवेना.

मैदानावर यजमान हरत होते. रग्बीत सातपेक्षा जास्त नाही अशा फरकानं हरलं तर बहुतेक लीगमध्ये हरणाऱ्यालाही एक गुण मिळतो. शेवटची पाच मिनिटं त्या एका गुणासाठी प्लंबर जीव तोडून ढकलत होता. "हरणारच आहेत, मग एवढं कशाला?" मी विचारलं.

डॉक्टर मेहुणा म्हणाला, "भावजी, स्क्रममध्ये पुढच्यानं अंग चोरलं तर स्क्रम कोसळतो, आणि मान मोडते ती शेजाऱ्याची."

मी गप्प बसलो. पैसे किती घ्यावेत हा प्रश्न राहिला बाजूला. खांद्याला खांदा लावलाय तो कुणाच्या, हे आधी बघावं. अर्धवेळ असायला हरकत नाही, अर्धवट असू नये. मोरीशी वाकलेला असताना तो पूर्ण प्लंबर असतो. मेहुण्याचा पाइप अजून गळत नाही.

हल्ली काउंटरवर विनोद सुचला तर मी तो कागदावर टिपून ड्रॉवरमध्ये टाकतो आणि आजोबांचा आकडा दोनदा तपासतो. पाचनंतर ड्रॉवर उघडतो. निम्मे विनोद तोवर विनोद राहिलेले नसतात.

वाचकांनी ते नुकसान सोसावं. आजोबांनी बरंच सोसलंय.